मॉर्गन डॉलरची सीलबंद डबी: आकड्यावर किती विसंबावं?

पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या स्लॅबमधला, म्हणजे सीलबंद प्लास्टिक डबीतला, मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, एका बाजूला लिबर्टी या स्त्रीचा चेहरा, दुसरीकडे गरुड) घेताना चांदीपेक्षा चिठ्ठीवरच्या, प्रत सांगणाऱ्या आकड्याचेच पैसे जास्त जातात. नाणं अस्सल आहे का आणि कुणी घासलंय का, एवढ्या दोन प्रश्नांपुरती ही सेवा पैसे वसूल. पुढचं काम आपल्या डोळ्यांचं.

खरी दरी एयू ५८ (जवळजवळ कोरं, किंचित वापरलेलं) आणि एमएस ६० (न वापरलेलं, कोऱ्यातली सर्वात खालची पायरी) यांच्यामधली. १८८४-एस घ्या; ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. वापरलेलं सहज मिळतं, कोरं अतिशय दुर्मीळ. त्यामुळे किंमत एकदम कित्येक पटींनी चढते. तसलं सुटं, म्हणजे डबीत नसलेलं, नाणं कुणी ‘कोरं’ म्हणून दाखवलं तर आधी हात आखडता घ्यावा. खोलीत एकच दिवा ठेवायचा, नाणं कडेने धरून हळूहळू तिरकं फिरवायचं. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा न तुटता फिरतो. गालावर, डोळ्यावरच्या केसांवर किंवा गरुडाच्या छातीवर तो तुटून राखाडी डाग दिसला, की ती झीज.

न्यू ऑर्लिन्सची, ‘ओ’ खुणेची नाणी इथेच फसवतात. १८९१-ओ किंवा १८९२-ओ वर कानावरचे केस सपाट दिसतात, कारण ठसाच नीट उमटलेला नसतो. त्या सपाट भागावर चकाकी शाबूत असेल तर नाणं वापरलेलं नाही. उलट सॅन फ्रान्सिस्कोचं १८८१-एस इतकं ठसठशीत उमटलेलं, की त्यात एमएस ६५ ही नवलाई नाही.

एमएस ६३ आणि ६५ मधला फरक मुख्यतः गालावर दिसतो. हजार-हजार नाणी पोत्यांत भरून हलवली गेली, त्यामुळे ओरखडे पडले. ते केसांत लपतात, गालावर नाही. पाचपट भिंग पुरे. दहापटीखाली प्रत्येक नाणं जखमी दिसतं.

चिंच-रांगोळीने उजळलेलं नाणं आपल्याकडेही नवीन नाही. भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात, आऱ्याचा उजेड फिरत नाही. अशा नाण्याला आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ शेरा मिळतो आणि भाव पडतो.

डब्याही बनावट येतात, म्हणून चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. तिथे फोटो असेल तर एखादा ओरखडा जुळवावा. १८९३-एस जेमतेम एक लाख पाडली गेली, त्यामुळे टांकसाळीची खूण नसलेल्या साध्या १८९३ वर ‘एस’ चिकटवणारे आहेतच. १८९३-एस सुटं घेऊच नये. इतर सुट्या नाण्यांसाठी काटा आणि कॅलिपर: २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिलिमीटर. झिजलेलं किंचित हलकं भरतं.

हात बसवायला १९२१ चं सुटं नाणं स्वस्त पडतं. त्या वर्षी तीन टांकसाळींतून मिळून साडेआठ कोटींहून जास्त निघाली. त्याचा ठसा मात्र उथळ असतो, त्या मापाने जुनी नाणी जोखू नयेत.