एटिमऑनलाइन: 'रिस्ट्रिक्ट'चं मूळ शोधायला कितपत कामाची?

लातूरला नीटची किंवा संभाजीनगरला एमपीएससीची तयारी करणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांनी शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा ही साइट उघडावी. डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश फुकट वाचता येतो.

शोधाच्या चौकटीत 'रिस्ट्रिक्ट' टाका. लॅटिन 'रेस्ट्रिंगेरे' समोर येईल. 'रे' म्हणजे मागे, 'स्ट्रिंगेरे' म्हणजे घट्ट ओढणे, आवळणे. एवढं वाचून पान बंद केलं तर एकच शब्द हाती लागतो. 'स्ट्रिंगेरे'चं धातुसाधित 'स्ट्रिक्टस' आहे, हे कळलं की अख्खं कुटुंब उलगडतं. मूळ धातूवरून स्ट्रिंजंट, ॲस्ट्रिंजंट. 'स्ट्रिक्टस'वरून स्ट्रिक्ट, कन्स्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्ट. फ्रेंचमधून फिरून आलेले रिस्ट्रेन, कन्स्ट्रेन. वहीत असे तीन रकाने पाडा. तुरटी ॲस्ट्रिंजंट का, तर ती कातडी आवळते. मध्ययुगीन लॅटिनमध्ये सरंजामदाराचा न्यायाधिकार चाले तेवढ्या मुलखाला 'डिस्ट्रिक्टस' म्हणत. आपल्या 'जिल्ह्या'चा त्याच्याशी संबंध नाही, तो अरबीतून आला.

नोंदीतलं साल वाचताना हमखास गल्लत होते. 'रिस्ट्रिक्ट'पुढे १५३०चं दशक दिसतं, ते इंग्रजीत तो शब्द लेखी सापडल्याचं सर्वांत जुनं साल. शब्द त्याच वर्षी जन्मला असा त्याचा अर्थ नाही. 'रिस्ट्रेन' चौदाव्या शतकातला, म्हणजे एकच लॅटिन क्रियापद इंग्रजीत दोनदा आलं. मुळाआधी तारांकन (*) असलं तर ते रूप अभ्यासकांनी अंदाजाने बांधलेलं असतं, कुठे लिहिलेलं सापडलेलं नसतं.

सारखा दिसणारा प्रत्येक शब्द मात्र या कुटुंबात कोंबू नका. 'स्ट्रिंग' जुन्या इंग्रजीतल्या 'स्ट्रेंग'वरून आलाय. 'स्ट्रँगल'चं मूळ ग्रीक. 'स्ट्रक्चर' लॅटिनच, पण रचणे या अर्थाच्या 'स्ट्रुएरे'चा. मनाने जोडण्याआधी प्रत्येकाची नोंद उघडून बघा.

उणिवाही आहेत. मूळ मजकूर इंग्रजीत, संक्षेप बरेच, त्यामुळे सुरुवातीला शेजारी कुणी समजावणारं लागतं. वापरातला फरकही इथे शिकता येत नाही. 'रिस्ट्रिक्ट'पुढे 'टू' आणि 'रिस्ट्रेन'पुढे 'फ्रॉम' येतं, हे साध्या कोशातच बघावं लागतं.

नीटवाल्यांना एक अडचण नक्की येते: रिस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनए कापतं, मग नाव 'आळा घालणारं' का? बॅक्टेरियातली ही एन्झाइमं आत शिरलेल्या बॅक्टेरियोफेजचा, म्हणजे बॅक्टेरियावर हल्ला करणाऱ्या विषाणूचा डीएनए कापून त्याची वाढ रोखतात. नाव त्या रोखण्यावरून पडलं. व्युत्पत्तीच्या नोंदीला बारावीच्या जीवशास्त्राची जोड दिली तरच हे उमगतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचा.