डॅन्यूबचा काठ की व्हिएतनामचा किनारा?

औशाच्या पुढं टपरीवर चहाला थांबलो की आमच्या सायकल ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, "सर, परदेशात सायकलवर जायचंय. तुम्ही दोन्हीकडं जाऊन आलात, कुठं जाऊ सांगा." मी एकदा जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठानं गेलो, साधारण ३२० किलोमीटर, आठ दिवस. दुसऱ्यांदा व्हिएतनामात ह्वे ते न्या त्रांग, सहाशेच्या वर किलोमीटर, दहा दिवस. दोन्ही वेळा लातूर-नांदेडकडचे आम्ही आठ-नऊ जण, निम्मे पन्नाशी ओलांडलेले. लोकांना चढ किती नि खर्च किती हे आधी हवं असतं. मी उलट विचारतो, रस्त्यात कधी थांबायचं हे तुम्हाला स्वतः ठरवायचंय, की दुसऱ्यानं ठरवलेलं चालेल?

डॅन्यूबवर सकाळी साडेआठच्या आत बॅग हॉटेलच्या दारात आणून ठेवायची, एवढंच बंधन. ती गाडीनं पुढच्या मुक्कामाला जाते. त्यानंतर तुम्ही, नकाशा आणि नदी. मागून कुणी येत नाही, पुढं कुणी शिट्टी मारत नाही. रस्ता बहुतेक ठिकाणी सायकलींसाठीच राखलेला, नदीच्या वाहत्या दिशेनं जाणारा, म्हणजे चढ जवळपास नाहीच. वाराही बऱ्याचदा पाठीवर असतो. श्लोगनजवळ नदी अशी उलटी वळते की आपण आलो तिकडंच परत चाललो असं वाटतं. तिथं छोट्या नावेत सायकली घालून पलीकडं जायचं. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्यातला टप्पा ३५ किलोमीटरच्या आसपास, दोन-अडीच तासांचा. आम्हाला पूर्ण दिवस लागला, कारण जुलै होता, जर्दाळू पिकले होते आणि दर गावात कुणीतरी टोपल्या घेऊन बसलेलं होतं.

पण या मोकळेपणाची किंमत आहे. पंक्चर झालं तर ते तुमचं. मी निघायच्या आधी आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडं दोन संध्याकाळी बसून टायर काढायला शिकलो होतो, त्याचा उपयोग तिसऱ्याच दिवशी झाला. शिवाय रविवारी तिथली दुकानं बंद असतात, अगदी किराण्याचीसुद्धा. आम्हाला हे ऐकून माहीत होतं, तरी विसरलो. त्या दुपारी नांदेडच्या वहिनींनी बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू नऊ जणांत मोजून वाटले.

व्हिएतनामची सहल म्हणजे दिंडी. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा सामान ट्रकमध्ये आणि माणसं पायी, तसंच. मागं छोटा ट्रक, त्यात मेकॅनिक, पाण्याचे जार, केळी आणि सगळ्यांच्या बॅगा. दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबा ठरलेला. चेन पडली की तुम्ही बाजूला उभं राहायचं, मेकॅनिक हात काळे करतो. डोक्याला ताप अजिबात नाही. पण हमरस्त्यावर रसाची गाडी दिसली, थांबावंसं वाटलं, तर पुढच्या थांब्यावर सगळे तुमची वाट बघत बसलेले असतात. (उसाच्या रसात लिंबू नाही, छोटं संत्र्यासारखं आंबट फळ पिळतात. मांजरा कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसानं तिथं न थांबणं अवघडच.) आणि ट्रक मागं असला की मोह असतो. हाय वान घाट ४९६ मीटर उंचीवर आहे. २००५ मध्ये खालून बोगदा झाल्यापासून बहुतेक वाहनं बोगद्यातून जातात, त्यामुळं घाट बराच मोकळा. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढलेल्याला तो जमतो. तरी आमचे दोघे अर्ध्यात ट्रकमध्ये बसले आणि उरलेले आठ दिवस ते ऐकत राहिले.

उन्हाबद्दल आमचा सगळ्यांचा गैरसमज झाला होता. बेचाळीस अंशात वाढलेली माणसं आम्ही, आम्हाला काय ऊन लागतंय! व्हिएतनामात पारा बत्तीसच होता, पण दमट. घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता गळत राहतो. तिथं सकाळी सहाला निघायचं, अकराला थांबायचं, दुपारी रस्त्याकडेच्या चहा-कॉफीच्या टपरीत झोळीवर पडायचं. ओळीनं झोळ्या टांगलेल्या असतात, एक पेला घेतला की तासभर पडून राहा, कुणी उठवत नाही. ऑस्ट्रियात याच्या उलट. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळं दहाला निघालं तरी चालतं.

आता एक गोष्ट सांगतो जी माहितीपत्रकात कधीच नसते: पॅडवाली चड्डी. दोन नेल्या की पुरतात, एक अंगावर, एक वाळत. मुक्कामाला पोचल्यावर चहाच्या आधी ती बेसिनमध्ये धुवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभं राहून पिळायची. ऑस्ट्रियात न्हाणीघरातल्या गरम दांडीवर टाकली की सकाळी कोरडी. व्हिएतनामात पंख्याखाली रात्रभर टांगूनही सकाळी ओलीच. ओली चड्डी घालून ऐंशी किलोमीटर म्हणजे मांड्या सोलल्याच म्हणून समजा. तिथं तीन न्या, आणि व्हॅसलिनची डबी मोठी.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडं कसरत, पण वेगवेगळी. ऑस्ट्रियात सकाळच्या न्याहारीला पाव, चीज, अंडी, जॅम, दही भरपूर. संध्याकाळी चीजमध्ये घोळवलेले शेवयांसारखे गोळे किंवा कणकेचे उंडे. पोट भरतं, तोंडाला चव नाही. आठव्या दिवशी मी ठेच्याची बाटली चाटत होतो. हॉटेलची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, नऊनंतर पोचलात तर उपाशी. व्हिएतनामात जेवण चवदार, पण माशाचा सॉस कशातही असतो. आमच्या सहलवाल्यानं शाकाहाराची खात्री दिली होती, दुसऱ्याच दिवशी भाजीच्या सूपमधून कोळंबी निघाली. त्यानंतर आम्ही एक शब्द पाठ केला: 'चाइ'. तिकडं त्याचा अर्थ शाकाहारी. 'कोम चाइ' अशी पाटी दिसली की निर्धास्त शिरायचं, भात, टोफू, पालेभाजी सगळं मिळतं. आमचे एक काका मात्र शेवटपर्यंत तिथं 'चाइ' म्हणून चहाच मागत होते.

कागदपत्रांत दोन्हींची बरोबरीच नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या, एका प्रवेशाला २५ डॉलर. युरोपसाठी शेंगेन व्हिसा (तिकडच्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच), फी ९० युरो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जायचं, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा, बँकेचे उतारे, रजेचं पत्र. मुक्कामाच्या रात्री ऑस्ट्रियात जास्त असतील तर अर्जही ऑस्ट्रियाकडंच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, जूनमध्ये जायचं तर संक्रांतीलाच कागद जुळवा. विमा कुठलाही घ्या, त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना एवढं वाचा.

वेळेचंही बघा. ज्यांचं शेत आहे त्यांना जून-जुलै म्हणजे पेरणी, डॅन्यूब अवघड. त्यांनी सप्टेंबर धरावा. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचा बेत कुणी आखत असेल तर थांबवा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस आणि पूर असतात. फेब्रुवारी-मार्च तिथं चांगले, पण बँकेतल्या लोकांना मार्च कुठला मिळायला.

माझं मत विचाराल तर नवरा-बायको जाणार असाल आणि परदेशाची पहिलीच वेळ असेल, तर पैसे थोडे साठवून डॅन्यूब. एकाला फोटो काढायचे, एकाला पळायचं असलं तरी भांडण होत नाही, संध्याकाळी हॉटेलात भेट. पाच-सहा मित्र असाल, खर्चाचा हात आखडता असेल (आमचा व्हिएतनामचा खर्च विमानासकट युरोपच्या निम्माच झाला), आणि दुसऱ्याच्या शिट्टीवर उठायची तयारी असेल, तर व्हिएतनाम. खोली मात्र दोन्हीकडं दोघांत एक असते. स्वतंत्र खोलीचे जादा पैसे कुणी द्यायचे हे घोरणारा ओळखून लातुरातच ठरवा.

तयारीला लातूर ते तुळजापूर करा, ७०-७५ किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत. एका दिवसाचं अंतर कुणीही मारतो, दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना कळतं. दोन्ही देशांत उजवीकडून चालवायचं असतं, पहिल्या दोन सकाळी चौकात उतरून हातानं सायकल न्या. भाड्याची सायकल दोन्हीकडं चांगली मिळते, सीट मात्र स्वतःची काढून न्या. ती बसवायची एलन-की (षटकोनी टोकाची छोटी चावी) चेक-इनच्या बॅगेत टाका. माझी हातातल्या बॅगेत होती, ती सुरक्षा तपासणीतच राहिली.