प्रशिक्षक दोषी कोणत्या आधारावर?

खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला की बोट प्रशिक्षकाकडे वळते. एक कसोटी हीच: शिष्य दोषी, म्हणून गुरूही दोषी. दुसरी कसोटी प्रशिक्षकाने स्वतः काय केले याचा पुरावा मागते.

पहिली सोपी आहे, पण दोन्हीकडून फसते. अमेरिकी धावप्रशिक्षक अल्बेर्तो सालाझार यांच्यावर 2019 मध्ये चार वर्षांची बंदी आली ती टेस्टोस्टेरॉन या बंदी असलेल्या संप्रेरकाचा व्यवहार आणि तपासात ढवळाढवळ यांसाठी, ईमेल आणि साक्षींच्या बळावर. त्या प्रकरणात त्यांचा एकही धावपटू चाचणीत सापडला नव्हता! उलट, शिष्याने चोरून औषध घेतले तर प्रशिक्षकाचे नाव विनाकारण मातीत जाते.

एकाहून अधिक शिष्य सापडले, तर वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची संहिता प्रशिक्षकाची चौकशी बंधनकारक करते. चौकशी, शिक्षा नव्हे. मला हेच न्याय्य वाटते.