झाडांचा प्लॅन काढायला शिकले: सहा शनिवारांच्या क्लासचा अनुभव

चारकोपला आमचं रो-हाऊस आहे, पुढे सहा मीटर बाय तीन मीटर मोकळी जागा. दर पावसाळ्यात नर्सरीतून जे आवडेल ते आणायचं, लावायचं, आणि दोन वर्षांनी एकमेकांत घुसलेलं ते जंगल माळ्याकडून छाटून घ्यायचं, असं चाललं होतं. म्हणून जानेवारीत दादरला एका छोट्या क्लासला नाव घातलं, घराभोवतीच्या झाडांचा प्लॅन कसा काढायचा ते शिकायला, सहा शनिवार, रोज तीन तास. बागेचं ओ की ठो कळत नसेल तरी चालेल असं सांगितलं होतं आणि ते खरंच निघालं.

पहिल्या दिवशी झाडाचं नावसुद्धा नाही, फक्त टेप आणि कागद. भिंती, गेट, पाण्याचा नळ, गटाराचं झाकण, शेजारच्याचा आंबा आपल्या बाजूला किती आलाय, सगळं मोजून १:१०० ला काढायचं, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जागेवरचा एक मीटर. आणि उत्तर दिशेचा बाण आधी. तो बाण का, हे मॅडमनी फार छान समजावलं. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि हिवाळ्यात चांगलाच दक्षिणेला झुकतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडची जी पट्टी डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत असते तिलाच मे महिन्यात ऊन लागतं. आमचं गेट उत्तरेलाच आहे! तिथे सावलीतली म्हणून लावलेली झाडं दर मेमध्ये का करपायची ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

सगळ्यात जास्त शिकले ते वर्तुळांमधून. झाड आणतो तेव्हा केवढं आहे ते काढायचंच नाही, पूर्ण वाढल्यावर केवढं होईल तेवढं वर्तुळ काढायचं. गेटजवळच्या वाफ्यात, सहा बाय दीड मीटर, मी हेमेलिया (केशरी फुलांचं झुडूप) फूट-फूट अंतरावर धरून १०० रोपं मोजली होती. मॅडम म्हणाल्या, हेमेलिया छाटलं नाही तर माणसाच्या उंचीच्या वर जातं आणि तेवढंच पसरतं, मग निदान ९० सेंटिमीटरवर लावून बघ. परत काढलं तर ११ रोपं! माळ्याला दरवर्षी छाटणीचे पैसे का द्यावे लागत होते ते त्या कागदावर दिसलं.

आईला दारात पारिजातक हवा होता. मी तो कागदावर काढला आणि खाली छान दिसेल म्हणून पांढरी खडी पसरली. मॅडम म्हणाल्या, "पहाटे फुलं पडणार, ती आई खडीतून कशी वेचणार?" खडी खोडली, तिथे शहाबादी फरशी घातली.

चौथ्या शनिवारी राणीबागेत नेलं. १८६१ ची बाग, मोठी झाडं, बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या, त्यामुळे नवशिक्याला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत पावलं मोजायची आणि वहीत लिहायची, बकुळ, सीता अशोक, जे दिसेल ते. पुस्तकातला आकडा आणि पायाखालचं अंतर यात फार फरक आहे. स्वतः जायचं असेल तर बुधवारी जाऊ नका, बंद असते.

आता जे पटलं नाही ते. हातात दिलेली झाडांची यादी सरळ परदेशी, लॅव्हेंडर, बॉक्सवुड असली थंडीतली झाडं, जी आमच्याकडच्या जुलैच्या पावसात आणि दमटपणात टिकत नाहीत. मी विचारल्यावर मॅडमनी फळ्यावर आपली यादी लिहून दिली, तगर, कुंती, अनंत, जास्वंद, स्पायडर लिली, पण ती छापील कागदातच हवी होती, नवीन माणूस छापलेल्यावर विश्वास ठेवतो हो. आणि कॉम्प्युटरवर प्लॅन काढायचा भाग दीड तासात उरकला, मला काहीच समजला नाही, मी अजून ट्रेसिंग पेपरवरच काढते.

बॅचमधल्या दोघांना सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, बाग करायची होती, त्यांना सांगितलेलं सगळ्यांनीच लक्षात ठेवा. ओली माती घनमीटरला जवळपास दोन टन भरते, म्हणजे ४५ सेंटिमीटर थर दिला की चौरस मीटरला साधारण ९०० किलो, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग वॉटरप्रूफिंग, मग नर्सरी. आणि जमिनीवर जुनं झाड मधे येत असेल तर महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडायचं नाही, १९७५ चा कायदाच आहे.

फी साडेनऊ हजार, मला वसूल वाटली. जाणार असाल तर स्केल, वर्तुळं काढायला कंपास आणि आपल्या जागेचे दुपारी बाराचे दोन-चार फोटो घेऊन जा. आमची ११ हेमेलिया जूनच्या दुसऱ्या पावसानंतर लावली, मधे अजून मोकळी माती दिसते, आई रोज विचारते इथे काहीतरी लाव ना, आणि मी तिला कागदावरची वर्तुळं दाखवते.