रोटॅक्स मॅक्स की एक्स-३०: बेळगावात राहून निवडायचं तर

दोन्ही गो-कार्टच्या शर्यतीची इंजिनं: १२५ सीसी, टू-स्ट्रोक, वॉटर-कूल्ड, बटणावर सुरू होणारी. सीनियरला (मोठ्या वयोगटाला) दोघांचीही ताकद ३० एचपीच्या घरात. तेव्हा कागदावर बघून ऑस्ट्रियाचं रोटॅक्स आणि इटलीच्या आयामेचं एक्स-३० यांत निवड होत नाही. पोराला कोणत्या मालिकेत उतरवायचं हे आधीच ठरलं असेल तर प्रश्न तिथंच मिटला, कारण इंजिन मालिका ठरवते. रोटॅक्सच्या राष्ट्रीय स्पर्धेतून ग्रँड फायनल्सची, म्हणजे रोटॅक्सच्या जागतिक अंतिम स्पर्धेची, वाट उघडते, आणि ते स्वप्न असेल तर खालचं सगळं वाचून फारसा उपयोग नाही. ज्यांचं अजून ठरलेलं नाही, निपाणीवरून कोल्हापूरला सरावाला जाता येतं म्हणून जे या नादाला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

चालवताना फरक कळतो तो वळणातून बाहेर पडताना. सीनियर रोटॅक्सला एक्झॉस्टवर पॉवर व्हॉल्व्ह आहे, तो वेगाप्रमाणे एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करतो. तो ७,८०० आरपीएमच्या आसपास उघडतो आणि त्याच्या खालीही इंजिन बऱ्यापैकी ओढतं, त्यामुळे हेअरपिनमध्ये वेग थोडा जास्त पडला तरी सांभाळून घेतं. एक्स-३० ला व्हॉल्व्ह नाही. त्याची मजा वरच्या आरपीएमला, कटऑफ (त्यापुढं फिरू न देणारी मर्यादा) १६,००० ला. वळणात वेग पाडला की ते गुदमरतं, आणि चालवणाऱ्याची चूक लगेच उघडी पडते. शिकणाऱ्याला हे बरं की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. रोटॅक्सचा व्हॉल्व्ह मात्र काजळीनं अडकतो. मध्येच ताकद गेल्यासारखी वाटली, किंवा सरळ रस्त्यावर आरपीएम वर चढेनासे झाले, की जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मापाचं भोक) बदलत बसण्याआधी व्हॉल्व्ह काढून साफ करावा.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत रोटॅक्स शांत स्वभावाचं. डेलोर्टोचा फ्लोटवाला कार्ब, सकाळी मेन जेट बसवला की दिवसभर बघावं लागत नाही. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, आणि शर्यतीला जायचं ते चेन्नई समुद्रालगत. उंचीमुळे इथली हवा सुमारे ९ टक्के विरळ, पण चेन्नईचं ऊन त्यातले ३ टक्के परत घेतं. उरले ६. जेटचा आकडा हा भोकाचा व्यास, आणि पेट्रोल जातं ते क्षेत्रफळाच्या हिशोबानं, म्हणून ६ टक्के हवेला आकड्यात ३ टक्के फरक पुरतो. इथं १२६ वर छान चालणारं इंजिन तिथं १३० मागतं. इथलाच जेट ठेवून चेन्नईला उतरलात तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि लांब सरळीच्या शेवटी पिस्टन धरतो. एक्स-३० ला टिलॉटसनचा डायफ्रामवाला कार्ब, एच (वरच्या आरपीएमसाठी) आणि एल (खालच्या) असे दोन स्क्रू. गाडी चालू असताना मागं हात नेऊन फिरवता येतात, म्हणून हवामान बदललं तरी जेटची डबी उघडावी लागत नाही. उलट बाजू अशी की ते फिरवायला कान लागतो, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून तो धरून चालता येत नाही. शिवाय डायफ्राम कडक पडतो. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं तर लवकरच. आपल्याकडच्या पावसाळ्यात ऑइल मिक्स केलेलं पेट्रोल कॅनमध्ये आठवडाभर ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढून घेतं.

इथवर रोटॅक्सचं पारडं जड दिसेल, आणि ते खोटं नाही. पेट्रोलमध्ये ऑइल १:५० म्हणजे २ टक्केच. कंपनीच्या हिशोबानं ओव्हरहॉल ५० तासांनी. एक्स-३० ला ऑइल जास्त लागतं, साधारण १:२०, आणि जोरात चालवलं तर पिस्टन-रिंग दहा तासांच्या आत-बाहेर बदलावी लागते. ज्याच्याकडे मेकॅनिक नाही आणि ज्याला रविवारी फक्त हेल्मेट घालून बसायचं आहे, त्यानं रोटॅक्स घ्यावं. यात मला शंका नाही.

माझं घोडं अडतं ते सीलपाशी. रोटॅक्सचं इंजिन नंबर असलेल्या सीलनं बंद असतं, सोबत ओळखपत्र असतं, आणि सील तुटलं की इंजिन स्पर्धेतून बाद. उघडायचं तर अधिकृत सेंटरकडेच, आणि तशी सेंटरं देशात फार नाहीत. त्यामागचा हेतू चांगला आहे: सगळ्यांची इंजिनं सारखी राहावीत, पैसेवाल्यानं आत खेळ करू नये. पण बेळगावात याचा अर्थ काय होतो ते बघा. प्लगच्या भोकातून २ मिमीची सोल्डरची तार आत सोडून स्क्विश, म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मधली फट, मोजता येतो (सीनियरला किमान १ मिमी). तो १.३ भरला, म्हणजे ताकद हातची जाते आहे, हे कळतं. एक्झॉस्ट काढून पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीतून) पिस्टनच्या बाजूवरचे ओरखडेही दिसतात. बुधवारी हे सगळं दिसतं आणि रविवारी शर्यत असते. गॅस्केट बदलायचं काम तासाभराचं, पण करता येत नाही. इंजिन खोक्यात भरून पाठवायचं आणि ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करत बसायचं. ज्या गावात उद्यमबागेसारखी वसाहत आहे, जिथं क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर ब्लॉक हे रोजचं काम आहे, तिथं हे जास्त टोचतं.

आणि सील नसतं तरी फार फायदा झाला नसता. रोटॅक्सच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन जातीचं प्लेटिंग असतं, त्याला बोअर मारता येत नाही. घासला की नवा सिलिंडर. एक्स-३० ला बिडाचा लायनर आहे. नवा पिस्टन आणायचा, मायक्रोमीटरनं मापायचा, आणि त्याच्या मापाला सिलिंडर होन करून (आतून दगडानं घासून) घ्यायचा. गॅप १०० मायक्रॉनच्या आसपास लागतो. हे काम इथं संध्याकाळपर्यंत होतं.

फक्त होनवाल्याला दोन गोष्टी उभं राहून सांगाव्या लागतात. त्याचा हात डिझेलच्या लायनरवर बसलेला असतो, आणि त्या लायनरला पोर्ट नसतात. होनचे दगड लांब हवेत. आखूड दगड पोर्टच्या कडेला अडकतात आणि बोअर लंबगोल होतो. दुसरं, होन झाल्यावर पोर्टच्या कडा बारीक दगडानं हातानं मोडायच्या, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते. मोडायच्या म्हणजे धार बोथट करायची, कानस घेऊन पोर्ट मोठा करायचा नाही. एक्झॉस्ट किती अंशाला उघडतो हे स्क्रूटिनीत (शर्यतीच्या तपासणीत) मोजतात. आरएक्स १०० चे पोर्ट घासून वाढवायची सवय असलेले बरेच हात आपल्या भागात आहेत, त्यांना हे बजावूनच सांगावं. क्रँकपिन बदलून क्रँक सेंटरला आणणारेही त्यांच्यातलेच, आणि तिथं ती सवय कामी येते. डायल लावून रनआउट (फिरताना होणारी थरथर) ०.०२ मिमीच्या आत मागा.

ताकद वाढवायची म्हणाल तर नियमात राहून दोन्हीकडे जागा थोडीच आहे. एक्स-३० ला बेस गॅस्केटची (सिलिंडरखालच्या) जाडी बदलून स्क्विश ०.९० मिमीपर्यंत आणता येतो. ते, नीट बसलेला क्लच आणि बरोबर स्प्रॉकेट, एवढ्यावरच बाकी शर्यत. ज्युनियरमधून सीनियरला जाताना मात्र फरक पडतो. रोटॅक्सला व्हॉल्व्हवाला सिलिंडर आणि इग्निशनची पेटी बदलावी लागते. एक्स-३० ला ज्युनियरची ताकद एक्झॉस्ट हेडरमधल्या रिस्ट्रिक्टरनं कापलेली असते, तेव्हा मुख्य खर्च हेडरचा. पोरगं दोन वर्षांत वर जाणार असेल तर हे आधी धरावं.

काही मालिका एक्स-३० लाही सील लावतात. तशी मालिका असेल तर माझा अर्धा मुद्दा गळतो, तेव्हा नियमपुस्तिका आधी वाचा.

जुनं एक्स-३० घेताना विकणाऱ्याला इंजिन किती तास चाललं ते विचारू नका, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजा. स्ट्रोक ५४ मिमी, त्यामुळे बोअर ५४.२८ मिमीच्या पुढं गेलं की इंजिन १२५ सीसीच्या वर जातं आणि बाद होतं. ५४.०० च्या जवळपास असेल तर अजून बरेच होन शिल्लक आहेत. ५४.२० च्या वर असेल तर किंमत सिलिंडर नसल्यासारखी लावा. जुन्या रोटॅक्सला आधी ओळखपत्रावरचा आणि सीलवरचा नंबर जुळवून बघा. जुळला नाही तर पुढं बोलूच नका.