स्लोला हवेचा आकडा कमी येतोय: सेन्सर धुवायचा, नवा घ्यायचा की गळती शोधायची?

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकात गाडी उभी आहे, एसी चालू आहे आणि इंजिन मध्येच दचके मारतंय. चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला तर कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. गॅरेजमध्ये सांगतात, "एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बदलून टाका." आता तीन वाटा असतात. काही शे रुपयांचा स्प्रे आणून सेन्सर धुवायचा, काही हजार मोजून नवा घ्यायचा, किंवा त्याला हात न लावता आधी होज पाइपांमधली गळती शोधायची. माझं मत आधीच सांगतो: त्रास फक्त स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना असेल तर गळतीपासून सुरुवात करा.

सेन्सरमध्ये एक बारीक तापलेली तार किंवा पट्टी असते. हवा तिला गार करते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली, त्यावरून हवेचं वजन कळतं. पेट्रोल इंजिन गरम, एसी बंद, गाडी स्लोला असताना दर हजार सीसीमागे सेकंदाला साधारण १ ते २ ग्रॅम हवा दिसते. एसी लावला की आकडा वाढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नुसत्या या आकड्यावर मात्र निर्णय घेऊ नका, सोबत फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे मिश्रण नीट राखायला इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे) तो आकडा. माझ्या १४०० सीसीच्या टर्बो पेट्रोलला स्लोला १.३ ग्रॅम दिसत होते. मी गॅरेजवाल्याचं ऐकलं आणि नवा सेन्सर बसवला. आकडा तोच, दचके तेच. मग ब्लूटूथचं ओबीडी यंत्र (मोबाइलवर आकडे दाखवणारा छोटा स्कॅनर) लावून स्वतः बसलो. तात्पुरती आणि दीर्घ मुदतीची अशा दोन्ही ट्रिमची बेरीज स्लोला +१९ टक्के, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर +४. हा फरकच सगळं सांगत होता. सेन्सर कमी मोजत असता, तर ट्रिम वरच्या आरपीएमलाही चढलेलीच राहिली असती. गळतीतून शिरणारी हवा स्लोला एकूण हवेच्या मानाने मोठी असते, थ्रॉटल (हवेची झडप) उघडला की तिचा वाटा नगण्य होतो. शेवटी इंजिनच्या ब्रीदरचा (इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत परत नेणारा) होज सापडला. वरून धडधाकट दिसत होता, पण वळणावर बोटाने वाकवला तेव्हा आतल्या बाजूला नखाएवढी चीर उघडली.

टर्बोमुळे इथे एक गुंता वाढतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांजवळ) भोक असेल तर स्लोला तिथे ओढ असते, न मोजलेली हवा आत जाते आणि वरचीच लक्षणं दिसतात. टर्बो ते थ्रॉटल या पट्ट्यात, म्हणजे इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजला किंवा क्लॅम्पला भोक असेल, तर स्लोला आकडा बहुधा ठीकच येतो, कारण तेव्हा त्या पाइपात दाब जवळजवळ बाहेरच्या हवेएवढाच असतो. आंबा घाट चढताना टर्बो जोर लावतो आणि मोजलेली हवा बाहेर पळते. मग पिकअप पडतो, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि कधी पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड येतो. म्हणून घाटात मरणारी पण स्लोला शांत असलेली गाडी आणि स्लोला थरथरणारी पण घाटात पळणारी गाडी, दोघींना एकच औषध देऊ नका. आणखी एक: मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी मारून फुगे शोधू नका, तिथे पाणी आतच ओढलं जातं. खात्रीचा उपाय म्हणजे धुराची तपासणी: पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. तिचं मशीन प्रत्येक गॅरेजात नसतं, तरी ते शोधून जाणं परवडतं.

धुण्याची पाळी केव्हा? ट्रिम सगळीकडे चढलेली असेल तेव्हा, किंवा स्लोला उणे आणि जोरात अधिक असेल तेव्हा. मळलेली तार अनेकदा स्लोला जास्त आणि जोरात कमी मोजते. आपल्याकडे हायवेच्या कामाची तांबडी धूळ आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यामुळे ओल्या फिल्टरवर चिखलाचा थर बसलेला दिसतो. एअरफ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे घ्या, कार्ब्युरेटरचा नको. तारेला कापूस, ब्रश, बोट काही लावू नका. पूर्ण सुकल्यावरच जोडा. त्याच वेळी सेन्सरच्या वायरच्या कपलरच्या पिना बघा. मिऱ्या किंवा मालवणसारख्या ठिकाणी खारट वाऱ्याने पिनांवर हिरवट थर चढतो, आणि तेवढ्यानेही आकडा खाली-वर होतो.

डिझेलवाल्यांचा हिशोब निराळा. तिथे आकडा प्रत्येक स्ट्रोकला मिलिग्रॅममध्ये बघतात. १५०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरमध्ये ३७५ सीसी, म्हणजे टर्बोचा जोर नसताना किनाऱ्यावरच्या उबदार हवेत जास्तीत जास्त ४३० मिलिग्रॅमच्या आसपास मावते. ईजीआर (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्हॉल्व्ह) उघडा असेल तर धूर ती जागा व्यापतो आणि आकडा उतरतो. म्हणून स्कॅनरवरून ईजीआर बंद करून बघा. आकडा वर आला, तर सेन्सर हवेतला बदल नीट टिपतोय. ईजीआर बंद करूनही आकडा हलत नसेल, तर आधी ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकली आहे का ते बघा. कोल्हापूरच्या मित्राच्या डिझेलशी आकडे ताडू नका, तिथे उंचीमुळे हवा पाच-सहा टक्के विरळ असते.

बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये हा सेन्सर नसतोच, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजतात. सेन्सर किंवा स्प्रे घेण्याआधी हे तपासा. अशा गाडीत इंजिन बंद, चावी ऑन असताना दाब रत्नागिरीत १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा.

नवा सेन्सर घ्यायचाच झाला, तर जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून मूळ कंपनीचाच घ्या. स्वस्त नकलीचं मोजमाप वेगळं निघालं, तर तीच थरथर नव्याने सुरू होते. बसवल्यावर जुन्या ट्रिम स्कॅनरवरून पुसायला सांगा, आणि एक लांब फेरी मारून आल्यावर स्लो आणि २५०० आरपीएम असे दोन्ही आकडे पुन्हा लिहून ठेवा.