आजोबांचं ओमेगा सर्व्हिसिंगला दिलं आणि आतलं मशीनच गायब

घरात जुनं स्विस घड्याळ आहे आणि ते नेमकं कुठलं मॉडेल हे विचारायला कुणाकडे निघाला असाल तर आधी हे वाचा.

आजोबा बोटीवर होते. साठच्या दशकात एडनला (आताच्या येमेनमधलं शहर) घेतलेलं ओमेगा सीमास्टर, तेव्हा एडन फ्री पोर्ट, म्हणजे जकात नसलेलं बंदर होतं त्यामुळे आपल्या कोकणातले बोटीवरचे बरेच जण तिथून घड्याळं आणायचे. डायलवर ऑटोमॅटिक लिहिलेलं, म्हणजे रोज चावी द्यायची भानगड नाही, हातात घातलं की चालतंय. मॉडेल आणि साल कळावं म्हणून बाबांनी मुंबईतल्या एका दुकानात नेलं. दुकानदार घड्याळ घेऊन आत गेला, बाहेर येऊन म्हणाला मशीन पार गंजलंय, सर्व्हिसिंग लागेल, आणि ठेवूनच घेतलं.

परत आलं तेव्हा एकदम चकचकीत. पण बाबा दिवसभर घालायचे तरी दुसऱ्या दिवशी बंद, चावी दिली की चालू! शेवटी एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं, झाकणाच्या आतल्या बाजूला १६५ ने सुरू होणारा नंबर, ओमेगाच्या त्या काळच्या नंबरात १६ म्हणजे ऑटोमॅटिक, चावीचं असतं तर १३ असतं. आणि आत काय, तर चावीचं पांढरं मशीन, भोवती प्लास्टिकची रिंग घालून बसवलेलं. ओरिजिनल मशीन, ५५२ वगैरे नंबरचं, तांबूस रंगाचं असतं, त्यावर कॅलिबर (म्हणजे हाच मशीनचा मॉडेल नंबर) आणि सीरियल नंबर कोरलेला असतो, साल त्या सीरियलवरूनच काढतात. म्हणजे जे विचारायला गेलो तेच काढून घेतलं की! डायलचे मागचे पाय (डायल मशीनला धरून ठेवणाऱ्या बारीक काड्या) पण कापलेले, कारण ते दुसऱ्या मशीनला बसत नाहीत, मग डायल सरळ चिकटवून टाकलेली.

दुकानदार म्हणतो, "साहेब, पहिल्यापासून असंच होतं, आजोबांनीच कुठेतरी बदललं असणार." बिलावर फक्त घड्याळ सर्व्हिस १ नग, बाकी काही नाही.

तर झाकण तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा, मशीनचा जवळून फोटो काढा, सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, कुरकुर केली तर घड्याळ उचला आणि चालू पडा. डायल नवी करून देतो म्हणाला तरी नको म्हणा, रंगवलेल्या डायलने किंमत उतरते (बाहेरचे लोक असल्या घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, कौतुकाने नाही).

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, घड्याळजींनी कापलेल्या पायांचे फोटो आणि लेखी रिपोर्ट दिलाय. हे कळल्यावर त्या दुकानदाराचा बाबांना फोन, राहिलेलं घड्याळ पार्ट्ससाठी चांगल्या भावात घेतो म्हणे.